अ‍ॅब्लेशननंतर पुन्हा धडधड: वजन, साखर, रक्तदाब आणि झोपेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके बेताल करणारा आजार), म्हणजे बोलताना ज्याला आपण सरळ 'एएफ' म्हणतो, त्यासाठी अ‍ॅब्लेशन करून घरी आलेल्या किंवा लवकरच करायचं ठरलेल्या लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांबाहेर थांबलेले नातेवाईक असोत की मेडिकल कॉलेजच्या सुपरस्पेशालिटीत रांगेत उभे असलेले पेशंट, सगळ्यांच्या मनात तोच प्रश्न असतो: एवढा खर्च केला, एवढी दगदग झाली, आता हे परत तर येणार नाही ना? याचं उत्तर बऱ्याच अंशी कमरेचा घेर, साखर, रक्तदाब आणि रात्रीची झोप यांवर ठरतं. डिस्चार्जच्या घाईत नेमकं तेवढंच सांगायचं राहून जातं, म्हणून इथे सविस्तर लिहिलं आहे. वाचून कुठलीही चालू गोळी स्वतःहून बंद करू नका किंवा बदलू नका.

अ‍ॅब्लेशनमध्ये नेमकं करतात काय?

हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याला फुप्फुसांकडून रक्त आणणाऱ्या शिरा येऊन मिळतात, बहुतेकांना चार. फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या मिशेल हाइसाग्वेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं की एएफ सुरू करणारे भलते विद्युत ठोके बहुतेक वेळा या शिरांच्या तोंडाशी उमटतात. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन त्या तोंडांभोवती उष्णतेने, अतिथंड फुग्याने किंवा हल्ली विद्युत स्पंदांनी व्रणाचं कडं तयार करतात. शिरेत उमटलेला ठोका मग कप्प्यात शिरू शकत नाही.

मग परत काहून येते, डॉक्टर?

दोन कारणं आहेत. पहिलं कारण कड्याचं. व्रण भरताना एखादी फट राहते किंवा काही महिन्यांनी तयार होते आणि शिरेचा कप्प्याशी विद्युत संबंध पुन्हा जुळतो. दुसरं कारण कप्प्याच्या भिंतीचं. वर्षानुवर्षांचा वाढलेला रक्तदाब, साखर, चरबी आणि झोपेत कमी पडणारा प्राणवायू यांनी भिंत ताणली गेलेली असते, तिच्यात व्रणाचे तंतू पसरलेले असतात. अशा भिंतीत शिरांशिवाय दुसरीकडूनही भलते ठोके उठतात आणि एकदा उठले की फिरत राहतात. ओल धरलेल्या भिंतीतलं वायरिंग बदलून घेतलं तरी ओल तशीच असेल तर काही महिन्यांनी पुन्हा शॉर्ट होतं, तसं हे आहे. डॉक्टरांनी वायरिंगचं काम चोख केलेलं असू शकतं. ओल काढायचं काम वेगळं आहे, ते दोन तासांत होत नाही आणि त्यात पेशंटचा स्वतःचा हात लागतो.

डिस्चार्जनंतर दोनच आठवड्यांत धडधड झाली. अ‍ॅब्लेशन फेल गेलं का?

एवढ्यात तसं म्हणता येत नाही. ताज्या व्रणामुळे हृदयाला सूज असते आणि सुरुवातीचे ठोके त्या सुजेचे असू शकतात. आधी पहिले तीन महिने हिशेबात धरत नसत. २०२४ मध्ये जगभरच्या हृदयताल तज्ज्ञांच्या संघटनांनी ही मुदत आठ आठवड्यांवर आणली. या काळात धडधड झाली तर घाबरू नका, पण गप्पही बसू नका. ईसीजी काढा आणि डॉक्टरांना कळवा, कारण ज्यांना या काळात वारंवार त्रास होतो त्यांच्यात पुढेही तो होण्याची शक्यता जास्त असते.

किती जणांना परत येतो?

२०१६ च्या 'फायर अँड आइस' चाचणीत अधूनमधून एएफ येणारे ७६२ पेशंट होते. उष्णता वापरा की थंडी, वर्षभरात सुमारे एक तृतीयांश लोकांत उपचार पुरता यशस्वी ठरला नाही. एएफ सतत चालू असेल, कप्पा मोठा झालेला असेल, तर प्रमाण आणखी वाढतं.

मात्र हा आकडा वाचताना एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. अशा अभ्यासांत एएफ ३० सेकंद दिसला तरी 'परत आला' असं मोजतात. कॅनडातल्या एका चाचणीत पेशंटच्या छातीत बारीक यंत्र बसवून ठोके अखंड नोंदवले, तेव्हा एएफमध्ये जाणारा एकूण वेळ अ‍ॅब्लेशननंतर ९८ टक्क्यांहून जास्त घटलेला दिसला. म्हणजे कागदावर 'परत आला' लिहिलेला पेशंटही आधीपेक्षा कितीतरी बरा असू शकतो. आधी महिन्यातून चारदा अ‍ॅडमिट व्हावं लागायचं आणि आता वर्षात एकदा दहा मिनिटं धडधडलं, याला मी अपयश म्हणणार नाही.

पोटाच्या चरबीचा ठोक्यांशी काय संबंध?

सगळ्यात कमी समजावून सांगितला जाणारा भाग हाच आहे, म्हणून थोडं थांबून वाचा.

पोट सुटतं तशी चरबी आतही साठते: यकृतात, आतड्यांभोवती आणि हृदयावरही. हृदयावरची चरबी स्नायूला अगदी चिकटून असते, मध्ये पडदा नसतो. ती सूज वाढवणारी रसायनं सोडते आणि ती थेट खालच्या स्नायूत उतरतात. चरबीच्या पेशी वरच्या कप्प्याच्या पातळ भिंतीत घुसतात. एका पेशीकडून शेजारच्या पेशीकडे सरळ जाणारी वीज मग अडखळत, वळसे घेत जाते. एएफला टिकून राहायला नेमकं हेच लागतं.

यात भर पडते दाबाची. वजन वाढलं की रक्ताचं एकूण प्रमाण वाढतं, रक्तदाब वाढतो, हृदयाचा खालचा कप्पा ताठर होतो आणि त्याच्या मागचा वरचा डावा कप्पा फुगत जातो. तुमच्या इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टमध्ये 'एलए' या अक्षरांपुढे त्या कप्प्याचा आकार लिहिलेला असतो. साधारण ४ सेंटिमीटरच्या वर गेला असेल तर त्याचा अर्थ डॉक्टरांना मुद्दाम विचारा. मधुमेह असेल तर वाढलेली साखर भिंतीतले तंतू आणखी कडक करते आणि हृदयाला जाणाऱ्या नसांनाही इजा करते.

दिलासा देणारी बाजू अशी की यातलं काही मागे फिरतं. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या संशोधकांनी मेंढ्यांना खाऊ घालून लठ्ठ केलं, तेव्हा त्यांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांत असेच बदल झाले. वजन उतरवल्यावर त्यातले बरेच बदल कमी झाले. माणसांत काय दिसलं, ते पुढे येईलच.

पण मी तर बारीक आहे. मला हे कशाला सांगता?

हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र पुढे, अशी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. भारतीय शरीरात कमी वजनातही पोटाची चरबी जास्त साठते. म्हणून आपल्यासाठी मापंही वेगळी आहेत. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ च्या वर गेला की जास्त वजन, २५ च्या वर लठ्ठपणा. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा. घेर मोजताना पॅन्टचा नंबर धरू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सहज सोडा आणि पोट आत न ओढता मोजा.

घेराबरोबर आणखी चार गोष्टी पाहायच्या असतात: उपाशीपोटी साखर १०० किंवा त्याहून जास्त, रक्तदाब १३०/८५ किंवा वर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर आणि चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल पुरुषांत ४० च्या, बायकांत ५० च्या खाली. पाचातल्या तीन जुळल्या, किंवा त्यासाठी गोळ्या चालू असल्या, की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. हा असेल तर अ‍ॅब्लेशननंतर एएफ परतण्याची शक्यता वाढते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' लिहून आलं असेल तर ते 'सगळ्यांनाच असतं' म्हणून सोडून देऊ नका. तोही याच साखळीतला दुवा आहे.

आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत, जिचे निकाल २०२३ मध्ये आले, ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह, ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आणि ३९.५ टक्के लोकांना पोटाचा लठ्ठपणा आढळला. एएफच्या आधीच्या पायऱ्या किती जण चढून बसले आहेत, याची यावरून कल्पना यावी.

वजन किती कमी केलं म्हणजे फरक पडतो?

जास्त वजनाच्या माणसाने निदान १० टक्के. तुम्ही ८४ किलो असाल तर साडेआठ किलोच्या आसपास. अमेरिकेच्या २०२३ च्या आणि युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत हाच आकडा आहे.

तो आला कुठून? अ‍ॅडलेडमध्ये राजीव पाठक, प्रशांतन सँडर्स आणि सहकाऱ्यांनी एएफ असलेल्या ३५५ जास्त वजनाच्या पेशंटचा पाच वर्षं पाठपुरावा केला. २०१५ मध्ये तो 'लेगसी' या नावाने प्रसिद्ध झाला. ज्यांनी १० टक्के किंवा जास्त वजन उतरवून टिकवलं, त्यांची एएफमुक्त राहण्याची शक्यता इतरांच्या सुमारे सहापट होती. त्याच गटाचा त्याआधीचा, २०१४ चा अभ्यास तर थेट अ‍ॅब्लेशन झालेल्यांवर होता. वजन, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, घोरणं, दारू आणि तंबाखू या सगळ्यांवर एकत्र काम करणाऱ्यांचे ठोके स्पष्टपणे जास्त काळ नीट राहिले.

या दोन्ही अभ्यासांत कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकून ठरलेलं नव्हतं. ज्यांची मनापासून तयारी होती तेच वजन उतरवणाऱ्या गटात गेले, म्हणून फायदा थोडा फुगलेला दिसत असू शकतो. तरीही माझं मत पक्कं आहे: एएफच्या पेशंटला वजन कमी करायला सांगणं हा शिष्टाचाराचा सल्ला नाही, तो उपचार आहे. प्रिस्क्रिप्शनवर गोळ्यांच्या बरोबरीने तो आकड्यात लिहायला हवा.

लग्नसराईच्या आधी महिनाभरात आठ किलो उतरवले तर?

नको. 'लेगसी'मध्येच दिसलं की ज्यांचं वजन सतत पाच टक्क्यांहून जास्त वर-खाली होत राहिलं, त्यांचा बराचसा फायदा वाया गेला. शिवाय एकदम खाणं तोडलं की पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घसरतं, आणि त्यानेच ठोके बिघडतात. महिन्याला दीड-दोन किलो ही चाल बरी. दहा टक्क्यांना पाच-सहा महिने लागतील, लागू द्या.

आणखी एक सांगतो. काहीच न करता वजन उतरतंय, हात थरथरतात आणि धडधड वाढली आहे, असं असेल तर खूश होऊ नका. थायरॉइड वाढलेला असू शकतो. ठोके ताब्यात ठेवणारी अमिओडॅरोनची गोळी घेणाऱ्यांत ही शक्यता जास्त, म्हणून त्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) ठरावीक अंतराने तपासलंच पाहिजे.

सावजी, तर्री-पोहे, वडाभात सगळंच बंद?

बंद म्हटलं की आठ दिवस पाळलं जातं आणि नवव्या दिवशी दुप्पट खाल्लं जातं. म्हणून वेगळं सांगतो: आधी तेल मोजा. महिन्याचं तेल किती येतं आणि घरात माणसं किती, एवढा भागाकार करा. माणशी लिटरभराच्या वर जात असेल तर दुसऱ्या कुठल्याही पथ्याआधी तिथे हात घाला. सावजीचा मसाला हृदयाचा शत्रू नाही. वरचा तेलाचा तवंग आणि त्यासोबत किती पोळ्या जातात, हे पाहायचं. वडाभातावर ओतलेली तेलाची फोडणी, पाटोडीच्या रश्श्यावरची तर्री, पोह्यांवरचा शेवेचा ढीग, हिशेब इथे बिघडतो.

वैदर्भीय घरातलं रोजचं जेवण खरं तर चांगलं आहे. तुरीचं वरण, ज्वारीची भाकर, आंबाडीची किंवा मेथीची भाजी, जवसाची चटणी, सोबत मठ्ठा. यात भात वाटीभर ठेवला आणि भाजीचं प्रमाण दुप्पट केलं तर आहारतज्ज्ञाच्या छापील तक्त्यापेक्षा हे जास्त टिकतं. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे सगळं मिळून एक चहाचा चमचा. पापड, लोणचं, सांडगे, कुरड्या हे त्या चमच्यातच आले.

रक्त पातळ करण्यासाठी वॉर्फरिन किंवा अ‍ॅसिनोकूमॅरॉल चालू असेल तर पालेभाजी बंद करू नका. आठवडाभर साधारण सारख्या प्रमाणात खा. एका आठवड्यात शून्य आणि दुसऱ्यात रोज, असं झालं की आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे हे सांगणारा आकडा, हलतो.

आणि संत्री?

खा, पण फोडी करून. रस काढला की चार संत्र्यांची साखर एका घोटात जाते आणि चोथा टाकला जातो. संत्रा बर्फीचा फळांशी फारसा संबंध नाही, ती मिठाईच धरा. किडनीचा त्रास असेल किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारखी पोटॅशियम वाढवणारी गोळी चालू असेल तर संत्री आणि शहाळं किती घ्यायचं हे डॉक्टरांना विचारा. पपनस आणि ग्रेपफ्रूट अमिओडॅरोन किंवा काही कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांसोबत टाळलेलं बरं, ही फळं औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढवतात.

चतुर्थी, एकादशी, नवरात्राचे उपवास करता येतील का?

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर उपाशी राहिल्याने साखर एकदम खाली जाऊ शकते. साखर खाली गेली की शरीर अ‍ॅड्रेनालिन सोडतं आणि त्याच धक्क्याने एएफ सुरू होऊ शकतो. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांवर लांबचा कडक उपवास धोक्याचा आहे. आणि रक्त पातळ करणाऱ्या रिव्हरॉक्सॅबॅनची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी पोटात अन्न असतानाच नीट शोषली जाते. उपवासाच्या दिवशी ती फराळासोबत घ्या, चुकवू नका. फराळाचं म्हणाल तर साबुदाण्याची खिचडी साखरेसाठी भारी पडते. भगर आणि दही त्यातल्या त्यात बरं, तेही मोजून.

साखर किती ठेवायची? मधुमेहाच्या कुठल्या गोळीने एएफ कमी होतो का?

बहुतेकांसाठी तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, ७ च्या आसपास. वय जास्त असेल, एकटे राहत असाल, साखर वारंवार घसरत असेल तर डॉक्टर थोडी सूट देतात. साखर रोज वर-खाली होण्यापेक्षा स्थिर राहणं महत्त्वाचं.

डॅपाग्लिफ्लोझिनच्या एका मोठ्या चाचणीत १७,१६० मधुमेही होते. गोळी घेणाऱ्यांत एएफ आणि त्याच्या भावकीतल्या फ्लटरच्या घटना १९ टक्क्यांनी कमी दिसल्या. या वर्गातल्या गोळ्या घेणाऱ्यांत अ‍ॅब्लेशननंतरही पुनरावृत्ती कमी असल्याचं निरीक्षणात्मक अभ्यास सांगतात. म्हणून मधुमेह आणि एएफ दोन्ही असतील तर हृदयाचे आणि साखरेचे डॉक्टर एकमेकांची चिठ्ठी वाचतील अशी व्यवस्था करा. या गोळ्या लघवीवाटे पाणी काढतात, त्यामुळे मे महिन्यात पाणी वाढवा. उलट्या-जुलाब लागले तर ती गोळी चालू ठेवायची का, ते आधीच विचारून ठेवा.

वजनाची इंजेक्शनं घ्यावीत का?

सेमाग्लुटाइड आणि टर्झेपाटाइड २०२५ पासून वजनासाठी भारतात उपलब्ध आहेत. वजन निश्चित उतरतं. अ‍ॅब्लेशननंतर एएफ परतणं त्याने किती थांबतं, याचा शेवटचा शब्द अजून यायचा आहे. दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. या औषधांनी नाडीचा वेग मिनिटाला दोन-चार ठोक्यांनी वाढतो, तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. आणि औषध थांबवल्यावर बहुतेकांचं वजन परत वाढतं, तेव्हा पहिल्या दिवसापासून जेवण आणि चालणं सोबत हवं. ओळखीच्या मेडिकल स्टोअरमधून परस्पर आणून सुरू करू नका.

रक्तदाबाची गोळी आताच वाढवून घेतली तर एएफ थांबेल?

एकट्या गोळीने नाही. २०१७ च्या कॅनडातल्या एका चाचणीत अ‍ॅब्लेशनच्या काही महिने आधी रक्तदाब १२०/८० च्या खाली आणला, तरी पुनरावृत्ती कमी झाली नाही. भिंतीचं नुकसान वर्षांचं असतं आणि ते काही महिन्यांत फक्त आकडा खाली आणून भरत नाही, असा मी याचा अर्थ लावतो. तरी १३०/८० च्या आत ठेवायचाच, कारण पक्षाघात आणि हार्ट फेल्युअर त्याने टळतात. एएफ चालू असताना घरचं मशीन चुकू शकतं. दोन मिनिटांच्या अंतराने तीनदा मोजा आणि सरासरी लिहा.

घोरण्याचा इथे काय संबंध?

फार जवळचा. झोपेत श्वास अडतो (यालाच स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात) तेव्हा छातीत जोराचा ताण निर्माण होतो, प्राणवायू घसरतो, रक्तदाब उसळतो, आणि हे रात्रभर पुन्हा पुन्हा होतं. वरचा कप्पा दर वेळी ताणला जातो. स्लीप अ‍ॅप्नियावर उपचार न घेणाऱ्यांत अ‍ॅब्लेशननंतर एएफ जास्त परततो, असं बहुतेक निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसलं आहे. झोपेत मास्कमधून हवेचा दाब देणाऱ्या सीपॅप मशीनने तो कमी होतो हे मात्र चिठ्ठी टाकून केलेल्या छोट्या चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही. तरी मी तपासणी कराच म्हणतो, कारण उपचार घेतला की दिवसाची पेंग जाते, रक्तदाब गोळ्यांना दाद देऊ लागतो आणि माणूस चालायला जायला तयार होतो.

हा आजार पेशंटला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला कळतो. वहिनी म्हणत असतील की 'हे मधेच श्वास थांबवतात आणि मग दचकून घोरतात', तर ते वाक्य जसंच्या तसं डॉक्टरांना सांगा. ही तपासणी आता घरच्या पलंगावरही करता येते.

व्यायाम किती? आणि नागपूरच्या उन्हाळ्यात कसा?

अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला २१० मिनिटं सांगितली आहेत, म्हणजे रोज अर्धा तास. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढ्या वेगाने चालायचं. मांडीची जखम भरेपर्यंत, साधारण आठवडाभर, जड उचलू नका आणि मग हळूहळू वाढवा.

अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स, जवळ असेल तिथे जा. एप्रिल ते जून मात्र सकाळी सातच्या आत घरी परत. पारा ४५ च्या वर जातो तेव्हा घामावाटे पाणी आणि क्षार जातात, त्यात लघवीची गोळी चालू असली तर पोटॅशियम घसरून ठोके चुकू लागतात. त्या दिवसांत घरातच जिने, खुर्चीवरून ऊठबस, सूर्यनमस्कार चालतील. योगाबद्दल २०१३ मध्ये डॉ. धनंजय लक्किरेड्डी आणि सहकाऱ्यांचा अमेरिकेतला एक छोटा अभ्यास आला होता. नियमित योगाने एएफचे झटके आणि चिंता दोन्ही कमी झाली. तो छोटा आहे, पण करून पाहायला त्यात तोटा नाही.

खर्रा सोडावाच लागेल का? दारू आणि चहाचं काय?

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, सोडावाच लागेल. दिवसभर गालात तो धरून ठेवणं म्हणजे दिवसभर निकोटीन रक्तात सोडत राहणं. त्याने नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढलेले राहतात, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच. 'सिगारेट नाही ओढत, फक्त खर्रा' हे वाक्य तपासणीत रोज ऐकू येतं, म्हणून इतकं स्पष्ट लिहितो. एकट्याने सुटत नसेल तर निकोटीनचा च्युइंगम आणि समुपदेशन मागा.

दारूबद्दल पुरावा भक्कम आहे. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत नियमित पिणाऱ्या १४० एएफ पेशंटपैकी निम्म्यांना दारू बंद करायला सांगितलं. सहा महिन्यांत पिणं चालू ठेवलेल्यांपैकी ७३ टक्क्यांना एएफ परत आला, बंद केलेल्यांपैकी ५३ टक्क्यांना. इथे गट चिठ्ठीने ठरले होते. चहा-कॉफीने एएफ वाढतो हा समज अभ्यासांत टिकलेला नाही. दिवसाच्या सहा कपांतली साखर मात्र मोजा.

ठोके नीट झाले. रक्त पातळ करायची गोळी थांबवू?

अ‍ॅब्लेशननंतर किमान दोन ते तीन महिने ती सगळ्यांनाच लागते. पुढचा निर्णय पक्षाघाताच्या धोक्यावरून होतो. वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात, हार्ट फेल्युअर, रक्तवाहिन्यांचा आजार यांना गुण दिलेले असतात. त्यातले रक्तदाब आणि मधुमेह अ‍ॅब्लेशनने जात नाहीत, म्हणून ठोके नियमित असूनही अनेकांना गोळी चालूच ठेवावी लागते. दरम्यान गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका. रक्तस्राव होऊ शकतो आणि रक्तदाबही वाढतो.

माझ्या व्हॉल्व्हला लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने इजा झाली आहे. हे सगळं मला लागू आहे का?

अंशतः. भारतात एएफच्या पेशंटमध्ये असे लोक पुष्कळ आहेत. झडप अरुंद असेल तर मूळ उपचार झडपेचा. मध्यम ते तीव्र मायट्रल स्टेनोसिसमध्ये, म्हणजे डाव्या बाजूची मायट्रल झडप अरुंद झालेली असताना, नव्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांऐवजी वॉर्फरिनसारखीच गोळी वापरतात. २०२२ च्या मोठ्या चाचणीत झडपेच्या अशा आजारात रिव्हरॉक्सॅबॅनपेक्षा तीच सरस ठरली. साखर आणि रक्तदाबाची काळजी तुम्हालाही लागू आहेच.

ताबडतोब दवाखान्यात कधी जायचं?

तोंड वाकडं, हातापायातली शक्ती गेली, बोबडी वळली: १०८ ला फोन, एक मिनिटही वाट न पाहता. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, दम लागणं यालाही थांबू नका.

आणि एक दुर्मीळ पण जिवावरची गोष्ट: अ‍ॅब्लेशननंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत ताप, गिळताना दुखणं किंवा छातीत दुखणं सुरू झालं तर अन्ननलिकेला इजा झालेली असू शकते. साधा ताप म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात अँटिबायोटिक घेऊन बसू नका. तातडीच्या विभागात पहिलं वाक्य हेच सांगा की 'माझं अ‍ॅब्लेशन झालंय'. अशा वेळी आधी छातीचा सीटी स्कॅन करतात, एंडोस्कोपी टाळतात.

दुसऱ्यांदा अ‍ॅब्लेशन सुचवलंय. करू?

कड्यात फट पडली असेल तर दुसऱ्या अ‍ॅब्लेशनचा चांगला उपयोग होतो, आणि अनेकांना ते लागतं. एएफमुळे हृदयाची ताकद घटत असेल तर थांबण्यात अर्थ नाही. पण तातडी नसेल आणि पहिल्या वेळेपासून कमरेचा घेर तसाच, एचबीए१सी ९, झोपेची तपासणी झालेलीच नाही, अशी परिस्थिती असेल तर मी आधी सहा महिने त्यावर मन लावून काम करायला सांगेन. तारीख घेताना डॉक्टरांना विचारा: माझ्या बाबतीत कड्याची शंका जास्त आहे की भिंतीची?

आता काहीच जाणवत नाही. तरी तपासण्या चालू ठेवायच्या?

हो. अ‍ॅब्लेशननंतर एएफ आला तरी काहींना तो जाणवतच नाही. रोज सकाळी मनगटावर अर्धा मिनिट नाडी पाहा, लय तुटक वाटली तर त्याच दिवशी ईसीजी. ईसीजी काढणारं घड्याळ असेल तर ती पट्टी मोबाइलमध्ये जपून ठेवा आणि दाखवा. घड्याळाने दिलेला नुसता इशारा म्हणजे निदान नव्हे. डॉक्टर सांगतील तेव्हा २४ तासांचं किंवा जास्त दिवसांचं होल्टर (ठोके अखंड नोंदवणारं अंगावरचं यंत्र) लावून घ्या आणि प्रत्येक भेटीला वजन, घेर आणि रक्तदाबाची वही सोबत न्या.